दोरा दातात, पाणी डोळ्यांत

"ताईंचं मन किती हळवं आहे हो," असं पार्लरमधून बाहेर पडलेली एक बाई दुसरीला सांगत होती. ते जिन्यात उभ्या असलेल्या मिस्त्रींनी ऐकलं आणि त्यांना हसता हसता असा ठसका लागला की पाणी प्यायला घरात पळावं लागलं. मिस्त्री म्हणजे ताईंचे यजमान. बस डेपोत इंजिनं उघडण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि संसार ताईंबरोबर झाला होता, त्यामुळे दोन्हीकडचे आवाज ते चांगले ओळखून होते. ताई आणि हळव्या? नळ दुरुस्त करायला उशिरा आलेल्या माणसाला या बाईंनी चहा पाजता पाजता असं काही सुनावलं होतं, की पुढच्या वेळी तो दिलेल्या वेळेच्या आधीच येऊन पायरीवर बसून राहिला. मिस्त्रींनी जिन्यातलं बोलणं ताईंना सांगितलं. ताई म्हणाल्या, "हसू नका. धंदा त्यावर चाललाय."

आणि ते खोटं नव्हतं. ताईंचं पार्लर म्हणजे तळमजल्यावरच्या त्यांच्या घराचीच पुढची खोली. दोन खुर्च्या, समोर भिंतभर आरसा, आरशाखाली फळीवर पावडरचा डबा, कापूस आणि दोऱ्याची रिळं. डोक्यावर पंखा, तोही नेमका खुर्चीच्या वर, म्हणजे वारा गिऱ्हाइकाला आणि ताईंच्या तोंडावर. केस कापणं, फेशियल वगैरे सगळं व्हायचं, पण नाव होतं ते भुवयांचं. ताईंच्या हातच्या भुवया म्हणजे बघत राहावं.

आता ज्यांनी जन्मात भुवया करून घेतल्या नाहीत त्यांना हे काम कसं चालतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. दोऱ्याचं एक टोक दातात धरायचं, बाकीचा दोरा दोन्ही हातांत घेऊन मध्ये पीळ द्यायचा, आणि तो पीळ भुवईवर पुढे-मागे पळवायचा. त्या पिळात सापडलेला केस मुळासकट येतो. गिऱ्हाइकाने डोळे मिटून, दोन बोटांनी कातडी ताणून धरायची आणि सोसायचं. भुवया करणाऱ्या बाईला बोलता येत नाही, कारण तोंड उघडलं की दोरा सुटला. आणि ताईंना काम शिकवणाऱ्या बाईंनी आणखी एक गोष्ट त्यांच्या मनावर बिंबवली होती. दोरा चालू असताना पापणी लववायची नाही, पापणी लवली की एक केस जास्त जातो. ताईंनी ते असं मनावर घेतलं की वर्षानुवर्षं त्या दिवसभर टक लावून बघत आल्या. मिस्त्री म्हणायचे, ही झोपतानासुद्धा नाइलाजाने डोळे मिटते.

तर अशी ही बाई. जीभ धारदार, पण ती दिवसभर दोऱ्याने बांधलेली. गिऱ्हाइकांना माहीत होत्या त्या फक्त न बोलणाऱ्या ताई. जिला मध्येच बोलणं तोडता येत नाही, सल्ला देता येत नाही, "माझ्या बाबतीत काय झालं माहितीय का" असं म्हणून स्वतःचं पुराण लावता येत नाही, अशी बाई जगात कुठे मिळते? बायका खुर्चीत बसल्या की मन मोकळं करायला लागायच्या.

मग कधीतरी ताईंचे डोळे चुरचुरायला लागले. संध्याकाळपर्यंत पापण्यांखाली वाळू गेल्यासारखं व्हायचं आणि मग पाणी. थोडंथोडकं नाही, धारा. वरच्या मजल्यावरच्या काकू एकदा खुर्चीत डोळे मिटून आपल्या मुलीच्या परीक्षेचं रडगाणं गात होत्या, तेव्हा त्यांच्या कपाळावर टपकन थेंब पडला. काकूंनी डोळे उघडून पाहिलं तर ताईंच्या दोन्ही गालांवर ओघळ. काकू गहिवरल्या. ताई खुलासा करायला गेल्या, पण दातात दोरा, त्यामुळे "अं अं" एवढंच बाहेर पडलं, आणि ते तर हुंदक्यासारखं ऐकू आलं. दोरा काढेपर्यंत काकू त्यांच्या गळ्यात पडल्या होत्या. संध्याकाळपर्यंत ही बातमी सगळ्या इमारतीत झाली. त्या आठवड्यात नवीन गिऱ्हाइकं आली ती भुवया दाट असोत नसोत, भरलेलं मन घेऊन आली.

ताईंच्या मनात त्या वेळी काय असायचं? हा केस काढू की ठेवू. बस. कुणाची सासू, कुणाची बढती, कुणाचा मोडलेला साखरपुडा, सगळं त्यांच्या कानांवरून वाऱ्यासारखं जायचं. ताई वाईट नव्हत्या, फक्त कामात होत्या.

या सगळ्या बायकांत एक होत्या सिस्टर. मुलांच्या दवाखान्यात नर्स. मागच्या वर्षी त्यांचे यजमान गेले, घरी दोन शाळकरी पोरं. त्या ठरल्याप्रमाणे दर पंधरवड्याला यायच्या, ड्युटी संपवून, दुपारी गर्दी नसताना. डोळे मिटून हळू आवाजात नवऱ्याबद्दल काहीतरी सांगत राहायच्या. कधी त्यांच्याही डोळ्यांतून पाणी यायचं. जाताना ताईंच्या हातात कापूस ठेवायच्या, स्वतःचे डोळे पुसायच्या आणि म्हणायच्या, "तुमच्याकडे आलं की बरं वाटतं ताई. इथं कुणी 'रडू नका' म्हणत नाही." हे वाक्य मात्र ताईंच्या कानांवरून गेलं नाही. ते आत जाऊन बसलं आणि टोचायला लागलं.

डोळ्यांचं दुखणं ताईंनी अंगावरच काढलं असतं, पण टपाल कचेरीतल्या मुलीचा प्रकार घडला. त्या दिवशी डोळ्यांपुढे पाण्याचा पडदा, समोरची भुवई दिसतेय-न-दिसतेय, आणि दोरा जरा आत गेला. डावी भुवई बारीक झाली. मग तिच्या जोडीला उजवी बारीक केली, ती जास्तच झाली. मग पुन्हा डावी. शेवटी त्या मुलीच्या कपाळावर पेन्सिलीने ओढल्यासारख्या दोन रेघा उरल्या, त्याही अंमळ वरच. महिनाभर ती पोरगी खिडकीत बसून प्रत्येक पार्सलाकडे आश्चर्यचकित होऊन बघत होती. लोक विचारायचे, का हो, काही चुकलं का पत्त्यात? मुलगी बिचारी स्वभावाने चांगली, तिने हसण्यावारी नेलं. ताईंना मात्र ते हसण्यावारी नेता येईना. त्या मिस्त्रींना म्हणाल्या, "हे काम गेलं तर मी करू काय? दिवसभर तुमच्याशी बोलत बसू?" मिस्त्रींनी तातडीने डॉक्टरांची वेळ घेतली.

डोळ्यांच्या डॉक्टर वयाने ताईंच्या मुलीएवढ्या. ताईंनी खुर्चीत बसल्या बसल्या आधी त्यांच्या भुवया पाहून घेतल्या. चांगल्या होत्या, पण वाढलेल्या. ताईंचे हात शिवशिवले. मग त्या म्हणाल्या, "डॉक्टर, नळ उघडा राहिलाय, तेवढा बंद करून द्या."

डॉक्टरांनी बधिर करणारा एक थेंब घातला, खालच्या पापणीत पाणी मोजायची कागदाची बारीक पट्टी अडकवली आणि थोडा वेळ डोळे मिटून बसायला सांगितलं. मग पिवळा रंग घालून निळ्या दिव्यात बराच वेळ बघितलं. आणि म्हणाल्या, "डोळे कोरडे आहेत तुमचे."

ताईंनी पर्समधून रुमाल काढला. "हा पिळून दाखवू का?"

"दाखवू नका," डॉक्टर हसून म्हणाल्या. "कोरडे आहेत म्हणूनच वाहतायत. डोळ्यावर एक पातळ थर असतो, पाण्याचा आणि थोड्या तेलाचा. पापणी लवली की तो सगळीकडे सारखा पसरतो. तुम्ही पापणी लववायलाच तयार नाही, वर पंख्याचा वारा, शिवाय वय. तो थर मधेमधे सुकतो, डोळा चुरचुरतो, मग शरीर घाबरून भसाभस पाणी सोडतं. ते गालावरून वाहून जातं. डोळा होता तसाच कोरडा."

ताईंना हे काही पटेना. पण मागे उभ्या मिस्त्रींचा चेहरा उजळला. "अगं, वंगण संपलंय तुझं. वंगण नसलं की इंजिनावर वरून बादलीभर पाणी ओत, आत घासायचं ते घासणारच."

"अगदी बरोबर," डॉक्टर म्हणाल्या. "हे ड्रॉप्स म्हणजे वंगणच." बायकोच्या दुखण्यात आपलं ज्ञान उपयोगी पडलं याचा मिस्त्रींना एवढा आनंद झाला की ते घरी येईपर्यंत शीळ घालत होते.

निघताना ताईंनी विचारलं होतं, किती दिवस घालायचे? डॉक्टर म्हणाल्या, चष्मा किती दिवस लावायचा असं कुणी विचारतं का? घालत राहायचे. दिवसातून चार वेळा, बाटलीचं टोक डोळ्याला न लावता. शिवाय गरम फडक्याने पापण्या शेकायच्या, पंखा हलवायचा, आणि काम करताना मधेमधे पापण्या मिटायच्या. हे शेवटचं ऐकून ताईंना आपल्या शिकवणाऱ्या बाई आठवल्या आणि पाप केल्यासारखं वाटलं.

औषध साधं, पण घालणं हे एक प्रकरण होऊन बसलं. पहिला थेंब नाकावर. दुसरा गालावर. तिसरा थेट कानात. दुसऱ्यांच्या डोळ्यांपासून केसभर अंतरावर दोरा पळवणारी ही बाई, स्वतःच्या डोळ्याजवळ बाटली आली की तोंड आ वासायची आणि डोळे घट्ट मिटायची. "ऑइलिंग करायला मी आहे ना," म्हणून मिस्त्री पुढे झाले. त्यांनी तिचं डोकं धरलं ते बसचं बॉनेट धरावं तसं, आणि ताईंनी त्यांना असं झापलं की शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, नीट ऐकू यावं म्हणून. शेवटी जमलं. खालची पापणी बोटाने ओढायची, वर छताकडे बघायचं, एक थेंब, आणि मिनिटभर डोळे मिटून गप्प बसायचं. डोळे मिटणं ताईंना जमलं. गप्प बसणं काही जमलं नाही.

मिस्त्रींनी पंखा खुर्चीवरून काढून दाराकडे लावला. थोड्या दिवसांत वाळू गेली, धारा थांबल्या. आणि ताईंना दिसायला लागलं. फळीवरची धूळ दिसली, आरशाच्या कोपऱ्यातले डाग दिसले, मिस्त्रींच्या कानांवरचे केस दिसले आणि त्याच दुपारी गेले. मिस्त्री म्हणाले, थोडे कमी थेंब घालत जा. पुढे टपाल कचेरीतल्या मुलीच्या भुवया पुन्हा आल्या तेव्हा ताईंनी त्या अशा काही सुरेख केल्या, की तिच्या खिडकीपुढची रांग वाढली असं ती स्वतःच सांगायची.

पण धंद्यात कुरबुर सुरू झाली. वरच्या काकू आपल्या जावेने केलेला अपमान सांगून झाल्यावर डोळे उघडून वाट बघत राहिल्या. ताईंचे डोळे लख्ख. काकू म्हणाल्या, "तुम्हाला आता आमचं काही वाटत नाही ताई." पूर्वीही वाटत नव्हतं, हे ताईंच्या अगदी ओठांवर आलं होतं, दातात दोरा होता म्हणून काकू वाचल्या. मग दुसरी म्हणाली, ताई बदलल्या. तिसरी म्हणाली, पैसा आला की माणूस कठोर होतं. ताईंनी कुणालाच भीक घातली नाही. येतील झक मारत, भुवया वाढल्या की.

सिस्टरांचं मात्र तसं नव्हतं. ड्रॉप्स सुरू झाल्यावरची त्यांची पहिलीच पाळी दुसऱ्या दिवसावर आली आणि ताईंना घास जाईना.

"तिला काय वाटेल?" त्या मिस्त्रींना म्हणाल्या. "'इतके दिवस ताई माझ्याबरोबर रडल्या, आता त्यांनाही कंटाळा आला', असंच ना? नवरा गेलेली बाई. तिला जगात रडायला एक जागा, तीही आपली पुढची खोली."

"मग खरं सांगून टाक."

"काय सांगू? तुम्ही नवऱ्याचं सांगत होतात आणि मी तुमच्या भुवया बघत होते? मला तर तो माणूस कशाने गेला तेही माहीत नाही हो. तिने सांगितलं असणार, चारदा सांगितलं असणार." ताईंचा आवाज खाली आला. मिस्त्रींनी ताटातली भाजी इकडून तिकडे केली. ताईंचा असा आवाज ऐकायची त्यांना सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी ताईंनी सकाळपासून ड्रॉप्स घातले नाहीत. दुपारपर्यंत डोळे थोडे चुरचुरले, पण पाणी येईना. इतक्या दिवसांचं वंगण, ते काय असं एका सकाळीत सुकतंय? सिस्टर यायची वेळ झाली तसा ताईंचा धीर सुटला. त्यांनी केस वाळवायचं मशीन घेतलं, गरमवर केलं आणि डोळे टक्क उघडे ठेवून झोत तोंडावर धरला. मिस्त्री काहीतरी विचारायला आत आले ते दारातच थिजले.

"हे काय चाललंय?"

"रडतेय," ताई म्हणाल्या. "बाहेर जा."

सिस्टर आल्या तेव्हा ताईंचे डोळे लालबुंद होते आणि गालांवर ओघळ. ताई मनात म्हणाल्या, जमलं. सिस्टर दारात थांबल्या, त्यांनी ताईंकडे बघितलं, मग फळीवर बघितलं, मग अजून गरम असलेल्या मशीनकडे.

"ड्रॉप्स घातले नाहीत का आज?" त्यांनी विचारलं.

ताई म्हणाल्या, "कसले ड्रॉप्स?"

"ते पावडरच्या डब्यामागे लपवलेत ते." सिस्टरांनी पर्स ठेवली, हात धुतले, बाटली उचलली. "बसा. मान मागे." ताई बसल्या. सिस्टरांनी पापणी ओढली कधी आणि थेंब पडला कधी ते कळलंसुद्धा नाही. अशा सफाईने तर मिस्त्रींनी कधी नट फिरवला नसेल. "आता मिटून ठेवा."

ताईंनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनी बोलणं सोपं जातं, म्हणून त्या बोलल्या. म्हणाल्या, "सिस्टर, मी रडत नव्हते हो. कधीच. माझे डोळे कोरडे आहेत."

"मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"दुसऱ्या खेपेपासून. दवाखान्यात काम करते मी ताई. पंख्याखाली बसून पापणी न हलवता काम करणाऱ्या बाईचे डोळे का वाहतात ते मला कळणार नाही?" त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. "तेव्हाच सांगायला हवं होतं तुम्हाला. ते माझं कामच आहे. पण मी नाही सांगितलं. मला तुमचं ते पाणी हवं होतं."

ताईंनी डोळे उघडले. सिस्टर दुसऱ्या खुर्चीत बसल्या होत्या, आरशाकडे तोंड करून.

"घरी रडले की पोरं घाबरतात," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात रडले की आजारी पोरांच्या आया घाबरतात, त्यांना वाटतं आपल्याच बाळाचं काही झालं. इथं भुवया करताना सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी येतं. कुणी विचारत नाही, का रडतेस म्हणून. आणि त्यात तुमचंही वाहायचं. मग माझं कुणाला दिसतंय?" त्यांनी आरशात आपल्या भुवयांवरून बोट फिरवलं. "पण आता यात काढायला काही उरलेलं नाही. ते मलाही दिसतं. म्हणून म्हणते, आज वरचा ओठ करा. तिथं जास्त दुखतं म्हणतात."

ताई उठल्या. सवयीने त्यांनी दोरा तोडला, टोक दातात धरलं, पीळही दिला. सिस्टरांनी डोळे मिटून मान मागे टेकवली आणि वरचा ओठ आत घेऊन कातडी ताणली. त्या ओठावर लव म्हणावी एवढीही लव नव्हती. ताई तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी तोंडातून दोरा काढला आणि टोपलीत टाकला.

"नाही करणार," त्या म्हणाल्या, नळवाल्याला सुनावलं होतं त्याच आवाजात. "काही नको ओठबीठ. रडायला केस कशाला उपटून घ्यायला हवेत? रडायचं तर असंच रडा."

त्यांनी दाराची पाटी 'बंद'कडे फिरवली, कडी लावली, आणि आपलं स्टूल ओढून सिस्टरांच्या इतक्या जवळ बसल्या की दोघींचे गुडघे एकमेकींना लागले.

"आणि पहिल्यापासून सांगा," ताई म्हणाल्या. "मी इतके दिवस नुसत्या भुवया बघत होते. तुमच्या मिस्टरांचं मी एक अक्षर ऐकलेलं नाही."

सिस्टर त्यांच्याकडे वळल्या. मग त्यांना हसू आलं, आणि हसता हसताच तोंड वाकडं झालं, आणि त्या रडायला लागल्या. चांगल्या आवाज करून, नाक लाल करून, मुलं रडतात तशा. बाहेर कुणीतरी दार वाजवलं आणि मिस्त्रींनी त्या कुणाला तरी परत पाठवलं. ताईंनी हात धरून ठेवला, तोंड उघडलं नाही.

खूप वेळाने सिस्टरांनी नाक पुसलं.

"पहिल्यापासून म्हणजे," त्या म्हणाल्या, "पहिल्यांदा बघितलं ना, तेव्हा मला ते मुळीच आवडले नव्हते."